धागा: रट्टांच्या त्रयीचा शेवट कसा करू? (पहिले दोन भाग वाचलेल्यांसाठीच, खाली सगळं फोडलंय)

अनगोळकरीण

पहिले दोन भाग इथं क्रमशः वाचून ज्यांनी मला धारेवर धरलं, त्यांच्यासाठी हा धागा. बाकीच्यांनी आधी मागची प्रकरणं वाचून या.

उजळणी थोडक्यात. साल १२२८. वेणुग्राम, म्हणजे आपलं बेळगाव, रट्ट राजांच्या ताब्यात. नागले सतरा वर्षांची, पाथरवटाची नात. तिच्या आज्जानं १२०४ मध्ये किल्ल्यातल्या बस्तीवर, म्हणजे जैन देवळावर, काम केलंय. त्यांच्या घराण्याच्या हाताला एक गोष्ट आहे: अर्धवट कोरलेली आकृती जिवंत असते आणि तिचे डोळे उघडले की ती कायमची दगड होते. म्हणून डोळे सगळ्यात शेवटी. आज्जानं एक घोडा तसाच सोडून दिला, तो डोळस. नाव डोळस आणि दिसत काही नाही.

कान्हो देवगिरीच्या फौजेच्या आधी घोडी विकायला आला, तो हेर म्हणून. पहिल्या भागात डोळसला पाणी पाजणारा तोच. दगडाचा घोडा पाणी पितो हे बघूनही ज्यानं आरडाओरडा केला नाही, असा तो एकटाच. दुसऱ्या भागाच्या शेवटी देवगिरीच्या यादवांचा सेनापती वीचण याची फौज निघालीय, कान्हो किल्ल्यात कैद आहे आणि राजगुरू मुनिचंद्र नागलेला सांगतो, मला बिनडोळ्यांचे पाचशे सैनिक कोरून दे.

माझ्याकडे दोन आराखडे आहेत.

पहिला: दगडी फौज उभी राहते, वीचण पळतो, रट्टांचं राज्य वाचतं, लग्न.
दुसरा: दगडी सैनिकांच्या हातून कान्हो मरतो, नागले सगळ्यांचे डोळे उघडते आणि सौंदत्तीच्या डोंगरावर निघून जाते.

पहिला लिहिताना मलाच खोटं वाटत होतं. दुसरा वाचून माझ्या भाचीनं माझ्याशी बोलणं टाकलंय. आता तुम्ही बोला.

गोकाकचा पोरगा

पहिला. पाचशे दगडी सैनिक! विचारायचं काय त्यात?

मलप्रभेकाठची

ताई, कान्होला मारलात तर मी हे संकेतस्थळच सोडते. धमकी समजा. दोन भाग वाट बघायला लावून तिसऱ्यात पोरगं मारायचं आणि त्याला वास्तववाद म्हणायचं, हे आता पुरे झालं. आमच्या कॉलेजात इंग्रजी त्रयी वाचणाऱ्या सगळ्या पोरींचं हेच रडगाणं आहे. तिसरं पुस्तक आलं की लढाई एवढी फुगते की ते दोघं शंभर पानं एकमेकांना दिसतच नाहीत. भेटतात ते एकदम एकाच्या शेवटच्या श्वासाला. अरे मग दोन पुस्तकं आम्ही कशासाठी वाचली?

आणि लग्नही नको लगेच. सतरा वर्षांची आहे ती.

निपाणीकर मास्तर

पहिला आराखडा इतिहासाला धरून नाही, एवढं सांगून थांबलो असतो, खरं तुम्ही दोन भाग कष्टानं लिहिलेत म्हणून सविस्तर सांगतो.

रट्ट हरले, यात वाद नाही. सौंदत्तीच्या १२२८ च्या शिलालेखात रट्ट राजा दुसरा लक्ष्मीदेव राज्य करताना दिसतो, त्यातच मुनिचंद्राची थोरवीही आहे. गुरू आणि लढवय्या दोन्ही, हे तुम्ही बरोबर पकडलंय. त्यानंतर रट्ट गप्प होतात. आणि १२३८ च्या हरळहळ्ळीच्या ताम्रपटात सिंघण यादवाचा सेनापती वीचण यानं रट्टांना, कोकणच्या कदंबांना वगैरे जिंकल्याची यादी येते. म्हणजे एका टोकाला १२२८, दुसऱ्या टोकाला १२३८. मधल्या दहा वर्षांत नक्की कुठल्या दिवशी, कुठल्या दारातून वेणुग्राम पडलं ते लेखात नाही.

कादंबरीकाराला याहून काय हवं? त्या दहा वर्षांत तुम्ही काहीही घडवा. फक्त दोन्ही टोकांना हात लावू नका. वाचकाला माहीत असलेलं जादूनं पुसलंत की त्या जादूचाच भाव पडतो.

जाता जाता एक. आज आपण किल्ल्यात जी तटबंदी बघतो ती बरीचशी नंतरची आहे, सफा मशीद तर १५१९ ची. तेव्हा नागलेला आजच्या बुरुजावर उभं करून सूर्यास्त दाखवू नका. दुसऱ्या भागात एका ठिकाणी मला तशी शंका आली होती.

गोकाकचा पोरगा

मास्तर आले. आता संपली लढाई.

माहेरवाशीण

मी पुण्यात असते, माहेर वडगावचं. दोन्ही भाग लोकलच्या गर्दीत उभ्यानं वाचलेत, त्यामुळे माझंही मत ऐकाच.

दुसऱ्या आराखड्यात एक पळवाट मला आधीच दिसतेय. कान्हो मरेल, वाचक ओरडतील, मग ताई त्याला कुठून तरी जिवंत करतील. आपल्या भागाला ते नवं नाही. यल्लम्माच्या डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाला रेणुकेची गोष्ट पाठ असते. बापाच्या आज्ञेवरून परशुरामानं आईचं डोकं उडवलं आणि मग वर मागून तिला परत आणलं. पण त्या गोष्टीत वर फुकट मिळत नाही. आधी त्या पोराला जे करायला लागलं ते बघा. आणि जिवंत कर एवढंच तो मागत नाही, तिला हे काहीच आठवू नये, असंही मागतो. म्हणजे त्याला स्वतःला ते आयुष्यभर आठवणार. तिथं गोष्ट खरी होते.

तुमच्या जादूत असं देणं कुठं आहे? नागले घोडा कोरते, घोडा चालतो. तिचं काय गेलं? दोन भागांत मला तिची छिन्नीसुद्धा बोथट झालेली दिसली नाही.

अनगोळकरीण

माहेरवाशीण, हे लागलं. देणं आहे, पण मी ते तिसऱ्यासाठी राखून ठेवलं होतं. अर्धवट आकृती ज्याच्या हातात छिन्नी त्याचं ऐकते. म्हणजे नागलेच्या हातून छिन्नी गेली की फौजही गेली.

माहेरवाशीण

मग ते तिसऱ्यात पहिल्यांदा कळता कामा नये. नवा नियम शेवटच्या भागात आणलात तर तो नियम राहत नाही, सोय होते.

अनगोळकरीण

पहिल्या भागात चौथ्या प्रकरणात आहे. आज्जाची छिन्नी धाकट्या भावाच्या हातात जाते तेव्हा डोळस त्याच्या मागे जातो आणि विहिरीच्या काठाशी थांबतो. सगळ्यांना ते विनोदी प्रकरण वाटलं होतं.

माहेरवाशीण

होय की! मी हसले होते त्यावर. मग माझं भांडण मागे. अर्धंच मागे, देण्याचा मुद्दा तसाच आहे.

शहापूरचे काका

उशिरा आलो. दुकानात लग्नसराईची गर्दी, साड्या दाखवू की धागा वाचू. सगळं एका दमात वाचलं, आता माझी ऐका.

मी तरुणांसाठीच्या कादंबऱ्या वाचायला लागलो ते नातीमुळे. सार्वजनिक वाचनालयातून ती नेते आणि परत करायच्या आधी मी वाचतो. ऐतिहासिक म्हणाल तर आमच्या पिढीनं ढिगानं वाचलं. त्यात एक गोष्ट ठरलेली असायची, राजा मोठा आणि बाकी सगळे त्याच्या घोड्यामागचे. या नव्या प्रकारात घोड्यामागचेच पुढे आलेत हे मला आवडलं. पाथरवटाची नात आणि घोडी राखणारा पोरगा. वीचण, लक्ष्मीदेव, मुनिचंद्र हे दाराआडून बोलतात. ते तसंच ठेवा. शेवटच्या भागात लेखकाला मोह होतो की आता राजाला समोर आणू, दरबार भरवू, पोरीला सगळ्यांसमोर भाषण करायला लावू. करू नका.

आता मुख्य. माझ्या मते शेवट गोड की कडू हा प्रश्न दुय्यम आहे. उधारीची वही असते तसं बघा. पहिल्या दोन भागांत तुम्ही वाचकाच्या नावावर नव्हे, स्वतःच्या नावावर मांडून ठेवलंय, हे देईन, ते देईन. तिसऱ्यात बाकी चुकती करायची. गिऱ्हाईक काय मागेल याचा अंदाज करत बसू नका, वहीत काय लिहिलंय ते बघा. मी बसून काढलं, तुमची बाकी अशी:

डोळसला दिसेल, हे नागलेनं त्याच्या कानात सांगितलंय. पहिल्या भागाची शेवटची ओळ तीच आहे.
कान्होनं आपण हेर आहोत हे तिला अजून स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं नाही. तिला कळलंय, ते वेगळं. त्यानं सांगायला हवं.
आज्जानं बस्तीच्या छतावरच्या कमळाची एक पाकळी अपुरी ठेवली, का ठेवली ते कुणालाच माहीत नाही.
आणि धाकटा भाऊ. तो दुसऱ्या भागाच्या मध्यावर सौंदत्तीला गेला तो गेलाच. त्याला विसरलात की काय?

कान्हो जगतो की मरतो हे यात कुठंच नाही बघा. तसं वचन तुम्ही दिलेलंच नाही. खरं पहिली दोन वचनं पाळायची तर तो जिवंत लागतो, कारण सांगायला तोंड लागतं आणि घोडा धरायला हात.

मलप्रभेकाठची

काका!!! तुम्हाला कुंदा माझ्याकडून.

शहापूरचे काका

शुगर आहे. तरी पाठव.

कडोलीचा पाहुणा

पाकळीबद्दल. आम्ही शाळेच्या सहलीत कमल बस्ती बघायला गेलो होतो. गुरुजी म्हणाले पाकळ्या बहात्तर, चोवीस मागचे तीर्थंकर, चोवीस आत्ताचे, चोवीस पुढचे. सगळी पोरं मान वर करून मोजायला लागली. कुणाचे अडुसष्ट, कुणाचे पंच्याहत्तर. एकाचाही आकडा दुसऱ्याशी जुळला नाही. त्यामुळे एक पाकळी अपुरी आहे हे मला तुमच्या कादंबरीत अगदी पटलं, तपासायला कोण जातंय.

अनगोळकरीण

काका, भाऊ विसरले नव्हते, पण तुम्ही विचारेपर्यंत त्याचं काय करायचं हे माझं ठरलंही नव्हतं. आता एक सुचतंय. छिन्नी त्याच्याकडे आहे. आज्जाची मूळ छिन्नी घेऊन तो सौंदत्तीला गेला आणि तिथं वीचणाच्या हाती लागला.

म्हणजे मुनिचंद्रासाठी नागलेनं पाचशे सैनिक कोरले, तर ते ज्या दिवशी वीचण वेशीवर येईल त्या दिवशी त्याच्या बाजूला फिरतील.

गोकाकचा पोरगा

आई शप्पथ.

निपाणीकर मास्तर

हे उत्तम आहे. वेणुग्राम पडायचं कारण बाहेरून आणावं लागत नाही, ते घरातूनच निघतं. आणि ताम्रपटाला धक्का नाही.

माहेरवाशीण

थांबा थांबा. मग नागले काय करते? तिला हे आधी कळतं की नंतर? नंतर कळलं तर ती बिचारी ठरते आणि तरुण वाचकांच्या कादंबरीत नायिका शेवटच्या शंभर पानांत बिचारी असून चालत नाही. निर्णय तिचाच पाहिजे, भले चुकीचा असो.

अनगोळकरीण

आधी. कान्हो सांगतो. कैदेतून. तेच त्याचं कबूल करणं. मी हेर आहे, सौंदत्तीहून निरोप आलाय, तुझा भाऊ आमच्या छावणीत आहे आणि छिन्नी सेनापतीच्या पेटीत आहे. हे सांगून तो आपल्या बाजूचा घात करतो आणि तिच्या मनात स्वतःबद्दल उरलंसुरलं होतं तेही घालवतो. सुटका व्हावी म्हणून सांगत नाही, कारण सांगितल्यावर तर फास नक्की.

मग नागलेसमोर तीन वाटा. मुनिचंद्राला सांगायचं, कोरणं थांबवायचं किंवा गप्प राहून कोरत राहायचं. ती तिसरी घेते. रोज कोरते. आणि फौज वेशीवर येते त्या रात्री पाचशेच्या पाचशे सैनिकांचे डोळे उघडते.

माहेरवाशीण

म्हणजे राज्य ती हरवते. स्वतः.

अनगोळकरीण

हो. दगडी फौज कुणाच्याच हाती लागू नये म्हणून.

माहेरवाशीण

आता देणं आलं. तिच्या गावानं तिला माफ केलं नाही पाहिजे, एवढी मेहेरबानी करा. शेवटच्या प्रकरणात सगळा गाव फुलं घेऊन आला तर मी पुस्तक फेकून देईन.

मलप्रभेकाठची

बरं, लढाईचं झालं. आता त्या दोघांचं बोला की ओ कुणीतरी! सगळे छिन्नीच्या मागं लागलेत. मी खानापूरची, म्हणून मला एक जागा सुचवायची आहे. हलशी.

हलशीच्या भूवराह नृसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात नृसिंह, एकात वराह. मध्ये मंडप. आम्ही लहानपणी एका गाभाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पळायचो आणि आजी ओरडायची. गोव्याच्या कदंबांच्या काळातलं देऊळ आहे, बाराव्या शतकातलं, म्हणजे नागलेच्या वेळी ते उभं होतं ना मास्तर? मग ते दोघं वेणुग्रामहून निघून हलशीला का येऊ नयेत? एवढं जंगल आहे इकडं लपायला.

आणि ताई, मला त्यांनी एकमेकांना माफ केलं असं एका वाक्यात नको. त्यानं दोन भाग खोटं बोललंय. एक मिठी मारली की झालं, असं नसतं. ती एका गाभाऱ्याशी बसेल, तो दुसऱ्या. बोलतील. भांडतील. पानंच्या पानं घ्या. मी वाचेन.

निपाणीकर मास्तर

उभं होतं. हलशी त्याही आधीची, जुन्या कदंबांची पलाशिका. तिथली जैन बस्ती तर पाचव्या शतकापर्यंत मागे जाते. बस्तीवर काम केलेल्या पाथरवटाच्या घराण्याला तिथं ओळखीपाळखी असणं अगदी शक्य आहे. रस्ता दक्षिणेचा, फौज पूर्वेकडून सौंदत्तीहून येतेय. भूगोलही जुळतो.

गोकाकचा पोरगा

भूगोलावरनं आठवलं. ताई, दुसऱ्या भागात भाऊ मार्कंडेय नदीतनं तराफ्यावर सौंदत्तीला जायला निघतो. मार्कंडेय तिकडं जात नाही. ती आमच्याकडं येऊन घटप्रभेला मिळते. सौंदत्तीला मलप्रभा.

अनगोळकरीण

म्हणूनच तर तो दोन महिने उशिरा पोचला. (असं मी आता म्हणणार आहे.)

शहापूरचे काका

हाहा. लेखक व्हायला हेच लागतं.

पोरीचं हलशीचं मला पटलं. एक भर घालतो, भाषेची. नागले कानडी, कान्हो मराठी. दोन भाग तुम्ही दोघांना सरळ मराठीत बोलवलंत ते सोयीचं होतं, ठीक. शेवटच्या लांब संवादात मात्र ती तिच्या भाषेत बोलतेय आणि तो त्याच्या, हे जाणवू द्या. कुणी कुणाची शिकून दाखवायची गरज नाही. इकडं बाजारात रोज तसंच चालतं, विचारणारा कानडीत विचारतो, मी मराठीत भाव सांगतो, साडी विकली जाते. यादवांचे लेखही कानडीत सापडतात की. आजचं भांडण तेराव्या शतकातल्या पोरांच्या डोक्यावर नको.

माहेरवाशीण

सहमत. आणि कृपा करून तिसरा कोणी आणू नका. दुसऱ्या भागात तो सावकाराचा मुलगा दोनदा नागलेच्या अंगणात येऊन गेला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता.

अनगोळकरीण

तो फक्त दगडाचे पैसे मागायला येत होता हो!

माहेरवाशीण

मग एकदा पैसे द्या त्याचे आणि मोकळे व्हा.

कडोलीचा पाहुणा

माझा प्रश्न घोड्याचा. डोळसचे डोळे उघडले की तो दगड होणार. म्हणजे वचन पाळायचं तर त्याला मारायचं. ह्यावर कुणी काहीच बोललं नाही अजून.

मलप्रभेकाठची

मी मुद्दाम बोलले नव्हते. रडू येतं.

शहापूरचे काका

तिथंच सगळा जीव आहे या गोष्टीचा. पोरीनं त्याला दिसेल असं सांगितलं तेव्हा ती लहान होती, दिसण्याची किंमत तिला ठाऊक होती तरी उमगली नव्हती. आता दोन वाटा. वचन मोडून घोडा जिवंत ठेवायचा किंवा वचन पाळून घालवायचा. मी असतो तर घोड्यालाच ठरवू दिलं असतं. तो बोलत नाही, खरं छिन्नीपासून लांब जाऊ शकतो. विहिरीच्या काठाशी थांबला होता तोच घोडा आहे हा. त्याला कळतं.

माहेरवाशीण

काका, तुम्ही दुकान बंद करून लिहायला घ्या.

मात्र एक अट. डोळस दगड होण्याआधी त्याला काहीतरी दिसलं पाहिजे. क्षणभर. आणि काय दिसलं ते नागलेला कळता कामा नये, कारण ती समोर बसून कोरतेय, तिची नजर छिन्नीवर असणार. ते कान्होला दिसेल. तो बाजूला धरून उभा आहे.

अनगोळकरीण

हे मी घेतलं. परवानगी न विचारता.

गोकाकचा पोरगा

मग पाचशे सैनिकांची लढाई होणारच नाही का? एकही नाही?

अनगोळकरीण

एक सैनिक राहतो रे. रात्रीत पाचशे होत नाहीत. पहाटेला एक उरतो आणि तो तुझ्यासाठी.

गोकाकचा पोरगा

चालेल. त्याच्या हातात भाला द्या.

निपाणीकर मास्तर

उपसंहाराविषयी माझी एक सूचना. १२३८ ला एक छोटं प्रकरण ठेवा. दहा वर्षं झाली, नागले सत्तावीसची. वीचणाच्या विजयाचा ताम्रपट कोरला जातोय, पण तो तिनं कोरायचा नाही, तो दुसऱ्या कुणाचा तरी हात. तिच्याकडे येतं ते गावातल्या मेलेल्या शिपायाच्या वीरगळाचं काम. आपल्याकडे गावोगाव वीरगळ आहेत, नाव माहीत नसलेल्या माणसांचे. तसा एक.

आणि खरंच वाटलं तर त्याहून पुढचं एक पान. रट्ट राजा कार्तवीर्याच्या काळातले, १२०४ चे, बेळगावच्या किल्ल्यातले दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या बस्तीचं दानपत्र तिकडं. एखाद्या वाचकाला त्यावरून कल्पना सुचेल.

माहेरवाशीण

लंडन नको, मास्तर. वीरगळ हवा. लंडन आलं की कादंबरी एकदम आजच्या काळात येऊन आपल्याला शहाणपण शिकवायला लागते. फार पाहिलंय असं. शेवटच्या पानावर एक मुलगी संग्रहालयात उभी राहते आणि तिला काचेत कुणीतरी दिसतं. नको.

निपाणीकर मास्तर

मी फक्त माहिती दिली.

कडोलीचा पाहुणा

वीरगळावरच्या शिपायाचे डोळे मात्र उघडलेले दाखवा बरं का. नाहीतर चौथा भाग यायचा.

मलप्रभेकाठची

आला तर काय बिघडलं!

माहेरवाशीण

बरंच बिघडलं. त्रयी म्हणून सांगितलंय तर तीन. लहानपणी श्रावणात आजी कहाणी वाचायची, शेवटी साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण म्हटलं की आम्ही उठायचो. एकदाही कुणी आजी पुढे काय झालं असं विचारलं नाही. कारण नवसाचं फळ मिळालेलं असायचं, रुसलेली माणसं परत आलेली असायची. राहिलेलं काही नसायचं. तसं करा. उरलेलं दार किलकिलं ठेवू नका.

अनगोळकरीण

बरं. माझं आता असं ठरतंय, शेवटचं भांडण करून घ्या.

वेणुग्राम पडतं. नागलेच्या हातानं. डोळे उघडताना एक सैनिक राहतो, गोकाककरासाठी. कान्होला कैदेतून बाहेर काढतो तो मुनिचंद्र, फासासाठी नव्हे. का, ते मी सांगत नाही. भाऊ परत येतो, छिन्नीशिवाय. पाकळी अपुरी का ठेवली ते भावाला माहीत असतं, आज्जानं त्याला सांगितलेलं असतं, तिला नाही, आणि हे तिला फार लागतं. दोघं हलशीला जातात. दोन गाभारे, लांब संवाद, दोन भाषा. माफी होत नाही तिथं. तिथं फक्त ती त्याला परत जायला सांगत नाही, एवढंच. डोळस त्यानंतर. वीरगळ १२३८. त्या प्रकरणात कान्हो जिवंत आहे आणि तिच्या अंगणात कुणाचं तरी लंगडणारं घोडं बांधलंय, साधं, मांसाचं. लग्न झालंय की नाही ते मी लिहिणार नाही, पण चूल एक आहे.

मलप्रभेकाठची

चूल एक आहे. चालेल. चालेल!!

माहेरवाशीण

गाव?

अनगोळकरीण

गाव माफ करत नाही. बाजारात तिच्या हातचा पाटा-वरवंटा कुणी घेत नाही. म्हणून तर ती हलशीला राहते.

माहेरवाशीण

मी गप्प.

शहापूरचे काका

लढाईनंतर किती पानं ठेवणार? मला विचाराल तर एकतृतीयांश. हल्ली लढाई संपली की पुस्तक दोन प्रकरणांत गुंडाळतात. वाचकाला माणसांजवळ बसायला वेळ पाहिजे असतो आणि लेखकाला मात्र घरी जायची घाई.

अनगोळकरीण

एकतृतीयांश जरा जास्त होतंय काका. चौथाई देते.

शहापूरचे काका

आपल्यात घासाघीस नको. चौथाई आणि वर हलशीचं एक प्रकरण.

अनगोळकरीण

दिलं. पहिलं प्रकरण रविवारी टाकते, वेगळ्या धाग्यावर. इथं आता नवीन सूचना नकोत, मी वाचणार नाही.

निपाणीकर मास्तर

फक्त बुरुजाचं तेवढं बघा.

गोकाकचा पोरगा

आणि मार्कंडेय.

कडोलीचा पाहुणा

मुनिचंद्र कान्होला का सोडतो?

अनगोळकरीण

रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी.